फुमिएचा रेणू आणि मोमोसेबाईंचं दार

कुरातानी फुमिए आमच्या खगोल केंद्रात नोकरीला आली तेव्हा एप्रिल संपत आला होता, तरी बाईंनी अंगात दोन स्वेटर, त्यावर कोट आणि त्यावर शाल असा अवतार केला होता. ती नाराची, म्हणजे सपाट प्रदेशातली. आमचं गाव यात्सुगाताके डोंगराच्या पायथ्याशी, इतक्या उंचावर की भात पिकत नाही. कोबी पिकतो, लेट्यूस पिकतं, आणि थंडी तर न पेरता येते.

"इथे माणसं का राहतात?" तिनं मला विचारलेला हा पहिला प्रश्न.

"तुमची दुर्बीण सांभाळायला," मी म्हणालो.

मी इदे. आमची पिढीजात लेट्यूसची शेती. ती थोरला भाऊ बघतो. मी त्या भल्यामोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या पोटातला रिसीव्हर गार ठेवायच्या कामावर होतो. आमची वहिनी सगळ्यांना सांगायची, "गावात सगळेच गारठतात, आमच्या धाकट्या भावजींना तेवढा त्याचा पगार मिळतो."

दुर्बीण म्हणजे आभाळाकडे तोंड करून ठेवलेली पांढरी थाळी, आमच्या शेतातून बघितलं तर गोठ्यापेक्षा उंच. तिला ऊन-सावलीचं काही नसतं, दिवसाढवळ्याही ती आभाळ ऐकते. फुमिए ऐकायची ती वृषभ राशीतल्या एका काळ्या ढगाला. तो इतका दाट आहे की मागचे तारे दिसत नाहीत, आणि इतका गार की त्याच्यापुढे आमचा जानेवारी म्हणजे उन्हाळा. अशा ठिकाणी कार्बनचे अणू एकाला एक लागून लांबच लांब माळा तयार होतात. ह्या माळा स्वतःभोवती फिरतात आणि फिरताना रेडिओ लहरी सोडतात. प्रत्येक जातीच्या माळेची लहर ठरलेली. कागदावर ती सुईसारखी उभी रेघ म्हणून दिसते. ओळखीच्या रेघा सोडून एखादी अनोळखी दिसली की समजायचं, ढगात नवा पाहुणा आहे. फुमिएला असा पाहुणा हवा होता.

तिच्या वडिलांना हे अजिबात पटलेलं नव्हतं. जिन्पेइंचा नाराच्या जुन्या गल्लीत शाईच्या कांड्यांचा कारखाना होता. तेलाचे दिवे लावायचे, वर मातीची झाकणं धरायची, झाकणाला धरलेली काजळी पिसानं झाडून घ्यायची, ती सरसात मळायची आणि लाकडी साच्यात दाबायची. कारखाना कितव्या पिढीचा हे जिन्पेइ दर वेळी वेगळं सांगत, पण फुमिए एकुलती एक हे मात्र दर वेळी तेच. दर रविवारी त्यांचा फोन येई. फोन खाणावळीत होता, त्यामुळे ते बोलणं सगळ्या केंद्राचं होतं.

"सापडली का काजळी?"

"बाबा, काजळी नाही. रेणू असतात."

"काळंच असतं ना?"

"ढग काळा दिसतो, हो."

"मग काजळीच. घरात पोत्यांनी पडलीय, आणि ही बया आभाळातली झाडायला गेलीय. जेवलीस का?"

आम्ही मान खाली घालून सूप भुरकत असू. फोन ठेवल्यावर ती सगळ्यांकडे एकदा बघे आणि म्हणे, "काही राहिलं का ऐकायचं?"

पुढच्या फेब्रुवारीत तिला रेघ मिळाली. दुपारी वृषभ वर येई तेव्हा ती थाळी तिकडे वळवायची, आणि संध्याकाळपर्यंत कागदावर एक सुरेख, टोकदार, कुठल्याच पुस्तकात नसलेली सुई उभी राहायची. आमचे प्रमुख तोकुनागा सेन्सेइ, म्हणजे गुरुजी. ते मोठ्यानं बोलत नसत, आनंद झाला तर अजिबातच बोलत नसत. तो कागद बघून ते सबंध संध्याकाळ गप्प राहिले. मे महिन्यात देशभरच्या खगोलवाल्यांची बैठक होती. तिथे फुमिएनं उभं राहून जाहीर केलं की कार्बनची एक नवी माळ बहुधा सापडली आहे. टाळ्या पडल्या. जिन्पेइंना फोन गेला. "झाडून झाली असेल तर ये घरी," ते म्हणाले. पण गल्लीत त्यांनी साखरेच्या मिठाईचे डबे वाटले, हे तिच्या चुलत बहिणीनं, मासुएनं, नंतर सांगितलं.

शरद ऋतूत वृषभ रात्री वर येऊ लागला आणि रेघ नाहीशी झाली. फुमिए आठवडाभर नीट जेवली नाही. डिसेंबरात पुन्हा संध्याकाळी निरीक्षणं घेतली तर रेघ हजर! पण चेहरा आणखी पडलेला. हातात दोन कागद घेऊन ती माझ्या खोलीत आली.

"इदे-सान, ही हलत नाहीये."

"मग चांगलंच की. स्थिर स्वभावाचा रेणू."

ती हसली नाही. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे आभाळातली खरी रेघ आमच्या यंत्रावर महिन्या-महिन्यानं थोडी थोडी सरकते. ही फेब्रुवारीत होती तिथेच ठाण मांडून बसली होती.

"आणि आणखी एक," ती खालच्या आवाजात म्हणाली. "बुधवारी ती नसते."

"बुधवारी?"

"कधीच नसते."

वृषभ राशीतल्या ढगाला आमच्या बुधवाराशी काही देणंघेणं असायचं कारण नव्हतं. म्हणजे लहर गावातूनच कुठून तरी येत होती. मग मी भावाचा लेट्यूसचा ट्रक मागायला गेलो.

ट्रकच्या मागे भोंग्यासारख्या तोंडाची एक छोटी अँटेना बांधली. तिला जोडलेल्या पेटीवर एक काटा होता. लहर मिळाली की काटा उडायचा. फुमिए शाल डोक्यावरून घेऊन मागे उभी, मी गाडी चालवतोय, आणि आम्ही गावातून गोगलगायीच्या वेगानं चाललो आहोत. रस्त्याकडेला बर्फ, उतरतं ऊन. दूध संघाकडे भोंगा वळवला, काटा झोपलेला. शाळेकडे वळवला, झोपलेला. टपाल कचेरीजवळ एका म्हाताऱ्यानं हात करून गाडी थांबवली.

"रताळी कशी दिली?"

हिवाळ्यात आमच्याकडे भाजलेल्या रताळ्यांचे ट्रक फिरतात, त्यांनाही भोंगा असतो. फुमिए म्हणाली, "आजोबा, रताळी नाहीत. आम्ही एक लहर शोधतोय."

"सकाळपासून?"

"फेब्रुवारीपासून."

म्हातारा सहानुभूतीनं म्हणाला, "मग रताळीच विकायची होती."

मोमोसेबाईंच्या किराणा दुकानासमोर काटा असा उडाला की पेटीच्या कडेला आपटला.

मोमोसेबाईंनी त्या वर्षीच्या नववर्षाला दुकानाला नवं दार बसवलं होतं. आपोआप उघडणारं, गावातलं पहिलं. दारावरची पेटी अदृश्य लहर सोडून कोणी आलंय का ते बघायची आणि दार सरकायचं. ते उघडलं की ती लहर बाहेर सांडायची. आम्ही गावकरी महिनाभर गरज नसताना मीठ आणायला जात होतो ते दारासाठीच. फुमिएनं ट्रकमधून उडी मारली आणि दारासमोर उभी राहिली. दार उघडलं. "काटा!" ती ओरडली. "उडाला!" मी ओरडलो. ती मागे सरली, दार मिटलं, काटा पडला. मग ती पुढे गेली, मागे आली, पुढे गेली, मागे आली.

आतून मोमोसेबाई बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "कुरातानी-सान, एकदा आत आलं की आतच थांबायचं असतं. पद्धत आहे तशी."

"हाच तो," फुमिए म्हणाली.

"कोण?"

"माझा रेणू."

मोमोसेबाईंनी मागे वळून दाराकडे पाहिलं. "आमच्या दारात?"

मी सगळं समजावून सांगितलं. बाई ऐकता ऐकता ताठ होत गेल्या. "म्हणजे आमचं दार पार वृषभ राशीपर्यंत पोचतं?"

"नाही हो. थाळीपर्यंत पोचतं."

"तेही काही कमी नाही! ती थाळी सरकारची आहे!" रात्री दुकान बंद, बुधवारी त्यांची साप्ताहिक सुट्टी, तेव्हाही दार बंद, हे आम्हाला आधी कसं सुचलं नाही याचं त्यांना फार नवल वाटलं. मग त्यांचं लक्ष फुमिएकडे गेलं. ती बिअरच्या उपड्या खोक्यावर बसली होती, हात मांडीवर, जणू दुकान सोडून दुसरीकडे कुठे जायचंच नाही. बाईंनी वाफाळता मांसाचा पाव तिच्या हातात ठेवला. "खा. माझ्या दारामुळे वर्ष गेलं ना तुझं?" आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी कोणी न सांगता ती पेटी काढून दाराबाहेर पाय ठेवला की उघडेल अशी चटई बसवून घेतली. त्या चटईवर उडी मारली की दार दोनदा उघडतं हे गावाला कळायला आणखी एक आठवडा लागला.

केंद्रात तिला "दार-सान", म्हणजे दारबाई, म्हणायला लागले. मीच सुरू केलं असं ती म्हणते. पुरावा नाही.

तोकुनागा सेन्सेइंनी तिला बोलावून हळू आवाजात सांगितलं, "पुढच्या बैठकीत विषयच काढू नका. शोधनिबंध छापलेला नाही. लोक विसरतात."

"मी उभी राहून सांगितलं होतं, सेन्सेइ. उभी राहूनच परत घेते."

"ते हसतील."

"हसण्यासारखंच आहे."

मे महिन्यात मीही गेलो होतो, यंत्राबद्दल कोणी विचारलं तर म्हणून. ती व्यासपीठावर गेली, वाकून नमस्कार केला आणि शाळेत धडा म्हणतात तशी म्हणाली, "गेल्या वर्षी मी इथून एका नव्या रेणूबद्दल सांगितलं. तो आमच्या गावच्या किराणा दुकानाच्या दारात सापडला. दार उघडं असताना रेघ ठळक येते. बुधवारी साप्ताहिक सुट्टी असते. आपल्याला चुकीची माहिती दिल्याबद्दल क्षमा मागते."

सभागृह हसण्यानं असं फुटलं की बाहेर चहा ओतणाऱ्या बायका डोकावून गेल्या. फुमिए कानापर्यंत लाल होऊन उभी राहिली, पण उभी राहिली. हसू ओसरलं तेव्हा शेवटच्या रांगेतून एक लांबोडका माणूस उठला. त्याच्या चेहऱ्यावर हसण्याची खूणही नव्हती.

"नामेकावा. प्रयोगशाळेत रेणू तयार करतो," तो म्हणाला. "गेलं वर्षभर मी तुमची ही माळ काचेच्या नळीत बनवायचा प्रयत्न करतोय. जमत नव्हती. मला वाटलं माझी नळी गळतेय." आणि वर म्हणाला, "म्हणजे मी दार बनवत होतो."

दुसऱ्यांदा हशा झाला तो पहिल्यापेक्षा मोठा. फुमिएनं त्याच्याकडे बघून इतकं खोल वाकून नमस्कार केला की कपाळ टेबलाला लागलं. जेवणाच्या सुट्टीत ती त्याला शोधत गेली. मला वाटलं पुन्हा माफी मागेल. परत आली ती तणतणत. "नळी खरंच गळतेय त्यांची. मी सांगितलं तर म्हणतात, आधी तुमची दारं लावा."

त्यानंतर तिनं जे सुरू केलं त्याला मी संशयाचा आजार म्हणायचो. कोणाचीही, कसलीही रेघ दिसली की ही विचारणार, बुधवारी बघितलं का? खाणावळीत नवीन भात शिजवायचं यंत्र आलं तर जेवायच्या आधी भोंगा आणायची. बर्फावर घसरायला येणाऱ्यांसाठी डोंगरावर पाळणे होते, तिथल्या मोटरला जाऊन आली. पोलीस रस्त्यात गाड्यांचा वेग मोजायला उभे राहत, त्यांच्या यंत्रासमोर भोंगा धरल्यामुळे आम्हाला दोघांना तासभर चौकीत बसावं लागलं. हवालदार माझा शाळेतला मित्र. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई बऱ्या आहेत ना?"

"बऱ्या आहेत. दारानं फसवलंय त्यांना."

"नवरा होता का?"

"दार रे. मोमोसेबाईंचं."

"अच्छा, त्या ह्या होय!" तो म्हणाला आणि त्यानं आम्हाला चहा दिला.

आणि अशातच, दोन हिवाळ्यांनंतर, दुसरी रेघ आली. लहानशी. पहिलीसारखी दिमाखदार नाही, मळलेल्या कागदावरच्या केसासारखी. कागद तोकुनागा सेन्सेइंच्या हातात पडला आणि ते पुन्हा गप्प झाले. ह्या वेळी मला कळलं, हे गप्प राहणं आणखी मोठं आहे.

फुमिए म्हणाली, "दुकान असेल."

महिन्यानं रेघ सरकली, जेवढी सरकायला हवी तेवढीच. "दुसरं दुकान असेल," फुमिए म्हणाली. ढगापासून थाळी जराशी बाजूला वळवली की रेघ मिटायची, ढगावर आणली की उमटायची. बुधवारी असायची, रविवारी असायची, नववर्षाच्या दिवशी अख्खं गाव देवळात असताना असायची. अशा माळेची आणखी एक रेघ जिथे यायला हवी तिथे तीही मिळाली. आम्ही सगळे मानून मोकळे झालो. ती नाही.

सेन्सेइ एकदाच वैतागले. वैतागले म्हणजे चहाचा पेला नेहमीपेक्षा किंचित जोरात ठेवला. "कुरातानी-सान, दुसऱ्या देशातही थाळ्या आहेत. कोणीतरी तुमच्या आधी छापेल."

"छापू दे. त्यांनी त्यांच्या गावातली दुकानं तपासलीत का?"

"तुम्हाला आणखी काय हवंय?"

"नामेकावांच्या नळीत दिसायला हवी. नळीला दार नसतं."

नामेकावा ह्या वेळी सावध होता. त्यानं पत्र पाठवलं ते एका ओळीचं, सगळी दुकानं बघून झाली का? तिनं तेवढंच उत्तर दिलं, झाली. मग त्यानं कामाला हात घातला. नळीत वायू भरायचा, ती गोठेल इतकी गार करायची, विजेचा लोळ सोडायचा आणि त्या जांभळ्या उजेडात क्षणभर जन्माला येणाऱ्या माळांची लहर मोजायची. दर थोड्या वेळानं नळी आतून काळी व्हायची की पुन्हा धुवा. असं त्याचं आठवडेच्या आठवडे चाललं.

पुढच्या जानेवारीत जिन्पेइंची कंबर धरली. शाई मळायचं काम कडाक्याच्या थंडीतच होतं, उन्हाळ्यात सरस नासतो. मासुएचा फोन आला, "काका उठू शकत नाहीत, साचे रिकामे पडलेत, मी दिवे बघू की मळू?" मासुए घटस्फोट घेऊन ओसाकाहून परत आली होती आणि काकांकडे दिव्यांचं काम बघत होती. फुमिएनं रजा टाकली. मला म्हणाली, "नामेकावांचा फोन आला तर नाराचा नंबर द्या. येणार नाहीच म्हणा."

पुढचं मी पाहिलेलं नाही. फुमिएनं सांगितलं ते एक, मासुएनं सांगितलं ते दुसरं, आणि जिन्पेइंनी सांगितलं त्यात फुमिए फारशी नव्हतीच, सगळी कंबरच होती. तिन्ही जोडून सांगतो.

काजळी आणि गरम सरस एकत्र केले की कणकेसारखा गोळा होतो, पण मऊ असेपर्यंतच. मळणारा थांबला की तो आखडतो आणि कांडीला तडा जातो. फुमिए फळीवर गुडघे टेकून दोन्ही हातांनी मळत होती, कोपरापर्यंत काळी, नाकाला काळी. जिन्पेइ कोपऱ्यात गादीवर आडवे पडून सूचना देत होते. तेवढ्यात फोन वाजला. मासुएचे हात तेलानं भरलेले, म्हणून फुमिएनं खांदा आणि कान यांच्यात फोन धरला. हात चालूच.

नामेकावानं नमस्कार वगैरे केला नाही. एक आकडा वाचला.

"पुन्हा वाचा," ती म्हणाली.

त्यानं पुन्हा वाचला. तिला कागद बघायची गरज नव्हती, तो आकडा वर्षभर ती झोपेत घोकत होती. शेवटच्या घरापर्यंत तोच.

"नळी गळत तर नाहीये ना?"

"नळी नवीन आहे."

"खोलीत दुसरं काही चालू होतं? पंखा? दार?"

 नामेकावा म्हणाला, "कुरातानी-सान, मी दार काढून ठेवलंय. कालपासून खोलीला दार नाही. फार गारठा आहे. आता तुम्ही मानाल का?"

 मासुए म्हणते ती रडली. फुमिए म्हणते सरसाची वाफ डोळ्यांत गेली.

"कोण होतं?" जिन्पेइंनी विचारलं.

"सापडला, बाबा."

"कोण सापडला?"

"रेणू."

"हरवला होता होय? हात थांबवू नकोस, गोळा आखडतोय."

तिनं हात थांबवले नाहीत. तो सगळा गोळा संपेपर्यंत ती मळत राहिली. मासुए साचे पुढे करत होती. मग जिन्पेइ छताकडे बघत म्हणाले, "आता तरी पक्का ना? नाहीतर मी गल्लीत पुन्हा तोंड दाखवू शकायचो नाही. मिठाई परत मागता येत नाही."

निबंध छापून आला. नामेकावाचं नाव आणि तिचं नाव शेजारी शेजारी. रेणूचं नाव मी सांगायच्या भानगडीत पडत नाही, ते सांगेपर्यंत चहा गार होतो. मोमोसेबाईंनी निबंधाचं पहिलं पान दुकानात लावलं. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण दाराचा उल्लेख नाही म्हणून त्या थोड्या नाराज होत्या.

जुलैत कारखाना बंद असतो, तेव्हा जिन्पेइ आमच्याकडे आले. सोबत पर्सिमनच्या पानात गुंडाळलेल्या सुशीचा मोठा डबा आणि गुळगुळीत दाढी. थाळी बघून मान मागे टाकून उभे राहिले, कंबरेवर हात. सेन्सेइ स्वतः माहिती द्यायला आले होते.

"ढग लांब किती?"

"साधारण साडेचारशे प्रकाशवर्षं."

"चालत जायचं म्हटलं तर?"

सेन्सेइंनी खरोखर तोंडी हिशोब सुरू केला. फुमिएनं त्यांना थांबवलं आणि वडिलांसमोर तो प्रसिद्ध कागद धरला. जिन्पेइंनी चष्मा वर केला, खाली केला, कागद उजेडात धरला.

"ही?"

"हीच."

"हे केसासारखं?"

"हो."

"ह्यासाठी तू लग्नं नाकारलीस?"

"दोनच नाकारली. आणि ती ह्यासाठी नव्हे, ती माणसंच तशी होती."

"पहिला बरा होता," जिन्पेइ म्हणाले आणि कागद घडी न करता, दोन्ही हातांनी, तिला परत दिला.

दुपारी आमच्या अंगणात जेवण होतं. वहिनीनं गार सोबा, म्हणजे कुट्टूच्या शेवया, केला होता आणि भावानं वाफ्यातून नुकतं काढलेलं लेट्यूस. जिन्पेइ पानं खात खात, काही विशेष नसल्यासारखं म्हणाले, "फुमी, कारखाना मी मासुएच्या नावावर करतोय. साचेही."

फुमिएच्या हातातल्या जेवायच्या काड्या हवेतच थांबल्या. पंधरा वर्षं ती हेच ऐकायला आतुर होती, असं आम्ही सगळे समजत होतो. तीही समजत होती.

"मला न विचारता?"

"तुला विचारलं की तू नाही म्हणायचीस. किती वेळा विचारू?"

"या वेळी विचारलं नाही ना!"

"या वेळी तू हो म्हणाली असतीस?"

"नसते म्हणाले! पण विचारायचं होतं!" ती उठली आणि सरळ शेतात गेली, बांधाबांधानं, पार टोकाला. वहिनी मागे जायला निघाली तर जिन्पेइ म्हणाले, "राहू द्या. लहानपणापासून अशीच. तिचं ताट दुसऱ्याला दिलं की हिला भूक लागते." पण त्यांनीही पुढे काही खाल्लं नाही. तिकडे बघत बसले.

ती परत आली तेव्हा बूट मातीनं भरलेले होते. वडिलांच्या समोर बसली आणि म्हणाली, "मासुए हलक्या हातानं मळते. पहिली मळणी तिला जोरात करायला सांगा."

"तू सांग. मी सांगितलेलं ती ऐकत नाही."

"तुमचं कोण ऐकतं?"

"कोणीच नाही," जिन्पेइ समाधानानं म्हणाले आणि सोबाचा वाडगा पुढे सरकवला.

संध्याकाळच्या गाडीनं ते जायला निघाले. भावानं लेट्यूसचं एक अख्खं खोकं भेट दिलं होतं. आमच्याकडे नाही म्हणायची सोय नसते, आणि जिन्पेइंना नाही म्हणायचंही नव्हतं. कंबर सांभाळत त्यांनी खोकं उचलायचा प्रयत्न केला आणि तिथेच थांबले.

"बाबा, ठेवा खाली! एवढं कोण खाणार?"

"गल्ली खाईल. ठेवतो कशाला, धर की दुसऱ्या बाजूनं."

तिनं दुसऱ्या बाजूनं धरलं. दोघं आडवे चालत डब्यात चढले. खोकं दोन बाकांमध्ये अडकलं, ते सोडवण्यावरून आत जोरजोरात वाद सुरू झाला, आणि दार लागलं. गाडी हलली. खिडकीतून फुमिएचा चेहरा दिसला. आधी घाबरलेला, मग हात हलवत मला काहीतरी ओरडून सांगणारा. ऐकू काही आलं नाही, पण कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सेन्सेइंकडे तिची बैठक होती.

मी फलाटावरच्या फोनवरून सेन्सेइंना कळवलं की कुरातानी-सान लेट्यूस घेऊन नाराला गेल्या.

"परत कधी येणार?" त्यांनी विचारलं.

"खोकं मोठं आहे," मी म्हणालो.